ताईच्या किडनीसाठी

४ ऑगस्ट, सोमवार

उपाशीपोटी साखर १९२. मशीन जुनं झालंय, नवं घ्यायला हवं.

ही वही आजपासून, विमलताईवर लक्ष ठेवण्यासाठी. शुगरने आईच्या किडन्या गेल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डायलिसिसवर गेली. शुगर आम्हा दोघी बहिणींना आहे, पण ताई म्हणजे हुबेहूब आई. तोच चेहरा, फोनवर तोच आवाज, पुरणाला तीच चव. आईची पैठणीसुद्धा तिलाच मिळाली. आईचं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही, मी बाबांवर गेले. बाबांच्या किडन्या ऐंशीव्या वर्षीही ठणठणीत. म्हणजे काळजी करायची ती ताईचीच.

मी सत्तेचाळीस. सहज लिहिलं.

५ ऑगस्ट, सकाळी ७

आर्णीला ताईला फोन. किती आली? काय खाल्लं? फिरायला गेलीस? ताई म्हणाली, मंजू, तू कायले माह्या जिवावर उठून राह्यली? मी मनावर घेतलं नाही. रोज सातला फोन करायचा, ठरलं.

चहात साखर एकच चमचा. (दुसरा अर्धाच होता.)

११ ऑगस्ट

आठवडाभर संडासात फेस दिसतोय. मंदारने स्वस्तातलं फिनाईल आणलं, दुसरं काय! मंदार म्हणतो, फिनाईल तेच आहे, तू लघवी तपासून घे. नवऱ्याला स्वतःची चूक कबूल करता येत नाही.

संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. चप्पल आटली असावी.

१ सप्टेंबर, सोमवार

ताईकडे महालक्ष्म्यांचं जेवण. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. ताईच्या ताटात दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार. तिला अर्धी ठेवून दीड पोळी मी माझ्या ताटात घेतली. तिच्या किडनीसाठी. माझ्या तीन होत्याच. ताई म्हणाली, मंजू, तुले बी शुगरच हाय ना वं? मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी.

बहिणीसाठी एवढं कोण करतं हल्ली?

९ सप्टेंबर

ताईला यवतमाळला बोलावून डॉक्टरांकडे नेलं. पुरावा म्हणून फोटोंचा अल्बमही नेला. आई आणि ताई शेजारी शेजारी दाखवल्या. डॉक्टरांनी सगळी पानं शांतपणे पाहिली. म्हणाले, शुगरमध्ये किडनी बिघडण्याचा धोका काही घराण्यांत जास्त असतो, हे खरं. पण कुठल्या बहिणीकडे तो आला हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि आला तरी साखर आणि बीपी सांभाळून बरंच टाळता येतं. मग दोघींना तपासण्या लिहून दिल्या. माझ्या नावावर तीन महिन्यांची सरासरी सांगणारीसुद्धा! म्हणजे तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून उपयोग नाही. हा पेशंटवर अविश्वास आहे. डॉक्टर बदलावा.

१३ सप्टेंबर, शनिवार

ताईचे रिपोर्ट स्वच्छ. लघवीत काही नाही, साखर आटोक्यात. डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, माह्यं काही नाही डॉक्टर, हिच्या फोनच्या धाकानं गोड खाणं सुटलं.

माझ्या लघवीतून प्रोटीन जातंय. सरासरी साडेदहा, हवी होती सातच्या आत. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, अजून हातात आहे.

आर्णीच्या एसटीत बसवून द्यायला आत चढले, तर ताईने माझा हात सोडलाच नाही. कंडक्टरने दोनदा सांगितलं, बाई, उतरा, गाडी निघते.

आईचं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही, असं वर लिहिलंय. खोडायला पेन उचललं. राहू दिलं.

१४ सप्टेंबर, सकाळी ७

फोन वाजला. मंजू, किती आली? काल काय खाल्लं? हुबेहूब आईचा आवाज.

दोन गुलाबजाम, म्हटलं. मग म्हटलं, चार.