निंबाखालची सभा

हिंगणघाट, ६ मार्च १९८३

आज आमच्या कॉलनीच्या नव्या बगिच्याची सभा झाली. रिकाम्या प्लॉटवर सावली एकच, त्या कडुनिंबाची. सगळे तिथंच दाटीवाटीनं बसले. नगरपालिका कुंपण देणार, बाकीचं आपण लोकांनी करायचं. काय करणार? बाकं! प्रत्येकाला आपल्या मेलेल्या बापाच्या नावाचं सिमेंटचं बाक ठेवायचं आहे. रोपं कोण देतं विचारलं, तर सगळे आपापल्या चपला पाहायला लागले. बरोबर आहे, रोपट्यावर नाव कुठं कोरणार?

मग कापसाचे व्यापारी शेठजी म्हणाले, "बाकं तं झाले, पण ह्या निंबावर कावळे बसतेत. बाबूजीच्या नावावर घाण पडन. तोडून टाका ना याले!"

पितृपक्षात याच कावळ्यांना घास घेऊन बोलावतात हे लोक! अन् त्याच निंबाच्या सावलीत बसून सगळ्यांनी हात वर केले. एकालाही वर पाहावंसं वाटलं नाही? मूर्खांचा बाजार नुसता.

शेठजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमच्या बाबाचं बाक तं बराबर त्याच्या बुडापाशी येऊन राह्यलं."

माझाही हात वर गेला. ठराव एकमतानं पास.