नऊ नंबरची झडप

आई, आज सव्वापाच वाजता नऊ पडली.

तू असतीस तर एवढं ऐकूनच खुर्चीतून उठली असतीस, चष्मा सापडेपर्यंतसुद्धा थांबली नसतीस. मी उठले नाही. आधी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसले, मग पिशवीतून वही काढली, आणि आता समोर चहा गार होतोय आणि मी तुला मराठीत लिहितेय, जे मला शाळेपासून धड जमलेलं नाही. जन्म कलकत्त्यात, शाळा इंग्रजी, खेळायची भाषा बंगाली, आणि मराठी फक्त तुझ्या ओरड्यापुरती. तेव्हा चुका काढू नकोस. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली तरी जोडाक्षर लिहिताना तू मागे उभी आहेस असं वाटतं मला, आणि आज तर जास्तच वाटतंय.

मी काय काम करते हे तुला कधी कळलं नाही. 'ती कॉम्प्युटरमध्ये असते' असं तू डमडमच्या शेजारणींना सांगायचीस, जशी काही मी आत राहते. तर ऐक. रिटायर झाले तरी हात शिवशिवतात, म्हणून एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी काम घेतलंय. एका नर्सिंग होमसाठी बेलची यंत्रणा करतोय आम्ही. पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावर आकडा दिसायचा, एवढंच. त्यातला प्रोग्राम माझा, सी भाषेतला, आणि त्याच्या पोटात इव्हेंट लूपची एक लायब्ररी आहे, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला आयता कोड. तिचं काम म्हणजे बसून राहणं. अगं, खरंच. तिला सांगून ठेवायचं की या सगळ्या तारांवर लक्ष ठेव, आणि कुठलीही तार हलली की तिच्यासाठी मी लिहून ठेवलेलं काम कर. मग ती गप्प बसते. तार हलली की उठते, कुठल्या कुठल्या हलल्या त्यांची आधी यादी करते, एकेकीचं काम उरकते आणि परत येऊन बसते. एकाच कामात रेंगाळायचं नाही हा पहिला नियम, कारण तू तिथं रेंगाळलीस की बाकीचे सगळे बोंबलत राहतात. आमच्या वर्गात भल्याभल्यांची यात दांडी उडाली होती. मला एका बैठकीत कळलं. मी ते अकरा वर्षांची असताना रोज संध्याकाळी बघत होते.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. बाबा ऑडिटच्या दौऱ्यावर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. शाळा सुटली की मी ट्रामने सियालदहला उतरायचे आणि तुझ्या नर्सिंग होमच्या ड्यूटी रूममध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचे, सातला तुझी पाळी संपेपर्यंत. भिंतीवर ती लाकडी पेटी. काचेमागे नऊ खिडक्या, प्रत्येकीत एक आकडा. खोलीतल्या कुणी बटण दाबलं की पेटी करकरायची आणि त्या आकड्यावर लाल झडप पडायची. पेटीच्या बाजूला पितळी दांडा होता, तो वर ढकलला की झडप वर जायची आणि करकर थांबायची. पण तो दांडा एकच. एक झडप पडलेली असो की पाच, सगळ्या एकदम वर. म्हणून तू मला पहिल्याच दिवशी दगडी पाटी दाखवलीस. 'आधी पाटीवर लिहायचं, मग दांडा. उलटं केलंस तर कुणीतरी बोलावलेलं पुसून जातं आणि त्याला वाटत राहतं की आपण बोलावलंय.' मग म्हणालीस, 'आणि तू तर दांड्याला हातच लावायचा नाही.' 

तू त्या खुर्चीत किती स्थिर बसायचीस! विणकाम नाही, मासिक नाही. झडप पडली की पाटीवर आकडा, दांडा वर, आणि पांढरे बूट चटचट बाहेर. परत येऊन आकड्यावर रेघ, की पुन्हा तशीच. मला तेव्हा वाटायचं तू डोळे उघडे ठेवून झोपतेस.

नऊ नंबरची खोली रिकामी होती. छत गळत होतं म्हणून खाट काढून नेली होती, आत नुसता चुना सांडलेला आणि एक मोडकी पाळण्याची चौकट. पण रोज सव्वापाचला नऊ पडायची. पाच मिनिटं इकडे नाहीत की तिकडे नाहीत. मिस्त्री दोनदा आला, म्हणाला भिंतीत ओल आहे, तार कापून टाकतो. तू म्हणालीस, खोली दुरुस्त झाली की परत तार कोण घालणार, राहू दे. आया हसायची. 'दिदी, ओ घरे तो केउ नेई,' म्हणायची, त्या खोलीत तर कुणी नाहीच, आणि हसता हसता आपल्याच गळ्यातल्या ताइताला हात लावायची. आणि तू? तू पाटीवर नऊ लिहायचीस, दांडा वर करायचीस आणि जायचीस. मला तुझी पावलं ऐकू यायची, टोकापर्यंत जाणारी. दार उघडल्याचा आवाज. मग काहीच नाही, मला मोजता येईल एवढा वेळ. मग दार बंद, आणि पावलं परत.

एकदा मी धीर करून म्हटलं, 'आई, तिथं कुणी नसतं. कशाला जातेस?' तू इतकी चिडलीस की मी स्टुलावरून पडायची बाकी राहिले. 'कुणी नाही हे ठरवणारी तू कोण गं? बोलावलंय ना? मग जायचं. गेल्यावर कळतं कोण आहे आणि कोण नाही. इथं बसून ठरवायला लागलो तर झालंच मग!' रागाने तुझ्या मानेवर लाल चट्टे आले होते. त्या रात्री तू मला दुधात जास्त साखर घातलीस, म्हणजे तुलाही वाईट वाटलं असणार. पण मला त्या दिवसापासून नऊची जास्तच भीती बसली, कारण याचा अर्थ तुलाही वाटत होतं की कुणीतरी असू शकेल.

त्या इमारतीत खोल्यांचे आकडे कुणी घातले होते देव जाणे. डाव्या बाजूला चार ते आठ. उजव्या बाजूला एक, दोन, तीन आणि एकदम टोकाला नऊ. म्हणजे नऊकडे जायचं तर तीनच्या दारावरूनच जावं लागायचं. तीनमध्ये दादू होते. माझे कुणी नव्हते, हृदयाचं दुखणं घेऊन आलेले एक म्हातारे बंगाली गृहस्थ, पण मी त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणायचे आणि ते मला मा म्हणायचे, तिथले म्हातारे लहान मुलींना म्हणतात तसं. त्यांना दिसायचं कमी. खिडकीखालून ट्राम गेली की विचारायचे, 'मा, कोन ट्राम एलो?' मी ट्रामवरची पाटी वाचून कुठली आली ते सांगायचे. बरोबर सांगितलं की संत्र्याची एक फोड, चुकलं की दोन, कारण चुकलेल्याला जास्त ताकद लागते म्हणे. मी मुद्दाम चुकायचे, आणि त्यांना ते कळायचं.

पौषातला दिवस होता तो. पाचलाच अंधारून आलं आणि त्यात दिवे गेले, त्या वर्षांत जायचे तसे. आयाने कंदील आणून टेबलावर ठेवला आणि ती चारमध्ये पळाली, कारण चारमध्ये बाळंतपण अडलं होतं आणि तू अर्ध्या तासापासून तिथंच होतीस. पेटी खालच्या कपाटातल्या सेलवर चालायची, तिला दिवे गेल्याचं काही नव्हतं. मी एकटी. चारच्या बंद दारामागून ती बाई ओरडतेय, कंदिलाची काजळी काचेवर चढतेय, आणि पेटी करकरते. मी वर बघते. नऊ. घड्याळात सव्वापाच.

नऊची लाल झडप कंदिलाच्या उजेडात थरथरत होती. नेहमी पडून गप्प व्हायची, त्या दिवशी थरथरत होती. करकर थांबेना. मला वाटलं, आज आई जाणार नाही हे तिला कळलंय, म्हणून ती आता इकडे येईल. अगदी असंच वाटलं, ती. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि दांडा दोन्ही हातांनी वर ढकलला. पेटी गप्प झाली. पाटी कोरी.

पावणेसहाला तू चारमधून बाहेर आलीस, मुलगा झाला होता, तुझ्या चेहऱ्यावर घाम आणि हसू. पेटीकडे बघितलंस, पाटीकडे बघितलंस. विचारलंस, 'आज नऊ नाही पडली?' मी म्हटलं, 'नाही.' मग औषधांचा ट्रे घेऊन उजवीकडे गेलीस, आणि ट्रे पडल्याचा आवाज आला.

दादूंच्या हातात बेलचं बटण होतं. बोटं इतकी घट्ट की डॉक्टरांना सोडवावी लागली. म्हणजे त्यांनी बोलावलं होतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. डॉक्टर सगळ्यांसमोर तुला बोलले. तू मान खाली घालून उभी राहिलीस आणि म्हणालीस, चूक माझी आहे. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तीनचं बटण दाबून पाहिलं. करकर, झडप, सगळं चोख. मग तू ठरवून टाकलंस की चारकडे धावताना तूच घाईत, न बघता दांडा वर केलास. नोकरी गेली नाही. पण तू तुझ्यातून काहीतरी काढून टाकलंस, आणि ते मी बघत होते आणि गप्प होते.

त्या दिवसानंतर नऊ पुन्हा कधीच पडली नाही. एकदाही नाही. तू मात्र रोज सव्वापाचला उठायचीस, टोकापर्यंत जायचीस, दार उघडायचीस. मला खूप वर्षांनी, असंच एकदा कोड तपासताना, कळलं की नऊ पडल्यामुळे तू रोज त्या वेळेला तीनवरून जायचीस, आणि जाताना आत डोकवायचीसच, तुझी सवयच ती. ती झडप तुला रिकाम्या खोलीकडे बोलावत नव्हती, आई. निदान मला तसं वाटतं आता. ज्या दिवशी त्या बोलावण्याचं खरं काम होतं, त्या दिवशी मी तिला गप्प केलं.

शेवटच्या आठवड्यात, डमडमच्या घरी, तू एका दुपारी एकदम शुद्धीवर येऊन विचारलंस, 'मी दांडा वर केला तेव्हा तीन पडलेली होती का गं? तू होतीस ना तिथं?' मी म्हटलं, 'नव्हती, आई.' ते खरंच होतं. तू केलास तेव्हा नव्हतीच पडलेली. तू माझ्याकडे बघत राहिलीस, पुढचं काहीतरी येईल म्हणून वाट बघितल्यासारखी, आणि मी तुझं पांघरूण सारखं केलं. 

आता आजचं. आमच्या टेबलावरच्या बोर्डाला आठ बटणं जोडलीत, नववी तार कशालाच जोडलेली नाही. पण चार दिवस झाले, सव्वापाचला नऊ लागते. हार्डवेअर बघणारे आमचे दत्तबाबू म्हणतात, मोकळी तार आहे, हवेतलं काहीबाही पकडते, तुम्ही नऊवरचं लक्षच काढून टाका ना दिदी, एक ओळ खोडायची. बरोबर आहे त्यांचं. कुठलंही पुस्तक हेच सांगेल. मी चार दिवस ती ओळ खोडायला घेते आणि ठेवून देते, आणि आज दुपारी मी ती ओळ नाही खोडणार असं त्यांना सांगून टाकलं. ते हसले आणि मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

पण वर लिहिलंय ते अर्धंच आहे. तुझ्यासमोर मी नेहमी अर्धंच सांगते, बघ ना, आजही पहिल्या ओळीतच केलं. आज सव्वापाचला लायब्ररीने यादी केली ती दोन आकड्यांची. नऊ, आणि तीन. तीनचं बटण टेबलाच्या त्या टोकाला आहे आणि तिथं कुणी नव्हतं, दत्तबाबू खाली सिगारेट ओढत होते. दोन्ही एकाच क्षणाला, यादीत एकाखाली एक.

त्या दिवशीही दोन होत्या, आई. नऊ थरथरत होती आणि तीन गप्प पडली होती. मी दोन्ही बघितल्या, मगच दांडा ढकलला. मला भीती फक्त नऊची वाटली.

हे पान वहीतच राहील. तू असतीस तर लिहिलं नसतं. आता टेबलाच्या त्या टोकाला जाऊन बघून येते.