ताडावरचा फुगा आणि तिरका माउंट

चि. केसरीनाथ यास,

वळ गावाहून तुझ्या दाजीचे पोटभर आशीर्वाद. सासूबाईंचा गुडघा आता काय म्हणतो? त्यांना सांग, विनिताच्या हळदीत त्यांना नाचायचं आहे, तेव्हा तेलपाणी चुकवू नका. आम्ही सगळे बरे आहोत. (फोन का केला नाही, असं म्हणशील. तुझी बहीण फोन स्पीकरवर टाकते आणि माझी उत्तरंही तीच देते. पुतण्या भाविक मांडवाचं सामान आणायला खारबावला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देतो.)

आमच्या घराण्याची रीत तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण ती सांगताना मला बरं वाटतं. लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या की बापानं अंगणातल्या ताडावर टांगलेला नारळ एका बारात पाडायचा. पडला तर मुलगी त्याच संध्याकाळी सासरी जाते. नेम चुकला तर ती रात्र मुलगी माहेरीच राहते, आणि वरपक्षानं मुकाट्यानं जेवून परत जायचं. आजाची ठासणीची बंदूक कधीच सरकारजमा झाली, म्हणून हल्ली छऱ्याची बंदूक आणि नारळाच्या जागी लाल फुगा. आजवर आमच्यात कुणाचा नेम चुकलेला नाही. आता पाळी माझी, आणि मुलगी विनिता. सासर काल्हेरला, म्हणजे रिक्षात बसून एक विषय काढावा तर तो संपायच्या आत उतरावं लागतं. पण जाणं ते जाणंच.

गच्चीवर सरावाला बसलो तर माझे छर्रे फुग्याच्या खालून जायला लागले. तुला कळवलं, आणि तू मोठ्या मनानं बंदुकीवरच्या दुर्बिणीखाली बसवायचा तो तिरका माउंट पाठवलास. सोबतचा कागद भाविकनं खोक्याबरोबर कचऱ्यात टाकला, पण त्यावाचून काही अडलं नाही. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, यात वाचण्यासारखं काय आहे? आपण खाडीकाठची माणसं. होडी कुठलीही असो, पुढची नाळ वरच असते. जाड टोक मी अर्थातच पुढे घातलं, स्क्रू आवळले आणि देवाचं नाव घेऊन घोडा ओढला.

छर्रा फुग्याच्या इतका खालून गेला की मागच्या गोदामाचा पत्रा ठणठणला. (ते गोदाम आपल्याच जमिनीवर उभं आहे, म्हणजे पत्र्याला लागलेला प्रत्येक छर्रा मी माझ्याच भाडेकरूवर झाडतो.) वॉचमन दामू ट्रक धडकला असं समजून गेट उघडून बाहेर येतो, रस्त्यावर कुणी नाही हे बघतो, मला हात करतो आणि आत जातो. आता तर तो गेट लावतच नाही. तुझी बहीण राहीबाई खालून ओरडते, "त्या नळीत काय ठेवलंय तुमचं? मांडवाचे बांबू आले न्हाय अजून, हाय का काही काळजी?"

आता नळीत काय ठेवलंय ते तुला सांगतो. बंदुकीची नळी फुग्याकडे धरली की दुर्बीण फुग्याच्या कितीतरी वर बघते. तिथे ताडाच्या झावळीला सुगरणीची घरटी लोंबताहेत. एक अर्धवट आहे, आणि पक्षी गवताची काडी चोचीत धरून पुन्हा पुन्हा येतो, विणतो, उसवतो. त्याच्या मागे नुसतं आभाळ. गोदामं नाहीत, ट्रक नाहीत, आपण लहानपणी खाडीवरून घरी यायचो तेव्हा असायचं तसं, काही न करणारं आभाळ. दुपार कधी कलते ते कळत नाही. परवा वाटलं, विनिता अजून फ्रॉकमध्ये आहे, खाली पायरीवर बसून चिंच खातेय, आणि मी हाक मारली तर वर येईल. हाक मारली. ती वर आली, हातात लग्नपत्रिका, आणि विचारलं, "बाबा, काल्हेरच्या लोकांना किती द्यायच्या?"

मग मी माउंट दाखवायला बंदूक घेऊन निजामपुऱ्यात अय्यूबशेठकडे गेलो. इतकी वर्षं कापडाचे लूम चालवताहेत, स्क्रू आणि पान्हे त्यांच्याकडे नसतील तर कुणाकडे असणार? शेठ मला माडीवर घेऊन गेले, बंदूक डोळ्याला लावली आणि बराच वेळ हललेच नाहीत. खाली लूमचा खडखडाट, वर हे शांत. कारीगर चहा घेऊन आला, चहा निवला. शेवटी बंदूक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "पंढरीशेठ, सामान बराबर हाय. माझी हफसा सासरी गेली ना, तवा मी पन असाच छतावर जाऊन बसायचो." एवढंच म्हणाले, आणि एकाही स्क्रूला हात न लावता दुसरा चहा मागवला. मला फार बरं वाटलं, पण माउंट होता तसाच राहिला.

तेव्हा केसरीनाथ, तू जाणकार आहेस, लग्नाच्या आधी दोन दिवस पान्हे घेऊन ये आणि ही दुर्बीण जमिनीवर आण. घराण्याच्या नेमाचा प्रश्न आहे.

तुझा दाजी,
पंढरी

ता. क. पत्राची घडी घालतोय तोवर विनिता आली. तिनं बंदूक हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, जाड टोक मागे असतं. दुर्बीण खाली वाकली की नळी वर उठते. ही होडी नाहीये." तिनं माउंट फिरवून दिला. आता दर छऱ्याला फुगा फुटतो, दामूनं गेट लावून घेतलं. तू घाई करू नकोस.

ता. क. दुसरा. वरचं खरं आहे, पण मला झोप लागत नाही. दुपारी सगळी आडवी झाल्यावर मी माउंट पुन्हा उलटा बसवला. मांडवात कुणी विचारलं तर तू नुसती मान हलवून म्हण की या माउंटचा भरवसा नसतो. घराण्यात नेम चुकलेला पहिला बाप म्हणून लोक मला हसतील, ते मी सोसेन. मला ती एक रात्र हवी आहे.

ता. क. तिसरा. भाविक चप्पल घालतोय, म्हणून घाईत लिहितो. आत्ता पाहिलं तर जाड टोक परत मागे! विनिताला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मी उलटा केला होता, बाबा." म्हणजे आधी मी उलटा केला, मग तिनं न बघता उलटा केला, आणि माउंट सरळ झाला. आता आम्ही दोघांनी मिळून बसवलाय, जाड टोक पुढे. बंदूक मी धरली, स्क्रू तिनं आवळले. तू पान्हे आणू नकोस. आणि राहीबाईला यातलं काही बोलू नकोस. ती आत्ताच विनिताची गादी उन्हात घालून आली. म्हणते, लग्नाच्या रात्री लागेल.