आईच्या आठवणीवर माझं संशोधन

२ सप्टेंबर २०१०
आजपासून पुस्तक. ठरलं म्हणजे ठरलं. येत्या चोवीस ऑक्टोबरला त्या आगीला पन्नास वर्षं होतील. रॉकेट उडायच्या आधीच तळावर पेटलं, खाली काम करणारी माणसं जळाली आणि सरकारने कित्येक वर्षं सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं. इथे बैकोनूरमध्ये तो दिवस पाहिलेलं आता कोण उरलंय? माझ्या तर घरातच आहे. आई तेव्हा तळावरच्या कॅन्टीनमध्ये वाढायला होती. ती कधी बोलली नाही, कारण तिला कोणी पद्धतशीर विचारलंच नाही. मी विचारणार. उगाच नाही आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं.

३ सप्टेंबर
आईसमोर रेकॉर्डर ठेवला. पहिल्यापासून सांग, म्हणालो. ती म्हणाली, "त्या संध्याकाळी जेवायला कटलेट केली होती." मी थांबवलं. गंभीर पुस्तक कटलेटपासून सुरू होत नाही. आधी तिला इंधनाचे प्रकार समजावले. ती मध्येच उठून बटाटे सोलायला गेली. वयाबरोबर एकाग्रता कमी होते.

११ सप्टेंबर
मॉस्कोहून संदर्भग्रंथ आले. दुसरं प्रकरण पूर्ण व्हॉल्व्हवर. लारिसा विचारते, सासूबाई कितव्या प्रकरणात येणार? बायकोला पुस्तकाची रचना वगैरे कळत नाही.

१९ सप्टेंबर
शेजारच्या बिबीगुलबाई खरबूज घेऊन आल्या. आई त्यांच्याशी तासन्‌तास बोलते, माझ्यासमोर मात्र गप्प. मुलाखत चालू आहे, नंतर या, म्हणालो. तर म्हणतात, "मास्तर, मुलाखत तुमचीच चाललीय. जिन्यापर्यंत ऐकू येतंय." खेडवळ विनोद. खरबूज चांगलं होतं.

३ ऑक्टोबर
मोठं यश. आई आपणहून माझ्या टेबलाशी आली. "वालेरा, लिहितोच आहेस तर एक गोष्ट लिही. डोळे मिटायच्या आत मला ती कुणाला तरी सांगायचीय. तो खिडकीशी आला आणि..." मी विचारलं, खिडकी कुठल्या बाजूची? उत्तरेची की पूर्वेची? तिला सांगता येईना. मी नकाशा उघडला. उत्तरेला भिंत! म्हणजे साक्षीदार म्हणून आईवर फार विसंबता येणार नाही. तशी नोंद केली. ती निघून गेली. हरकत नाही. दिशा नक्की झाली की ऐकतोच.

१७ ऑक्टोबर
पाचवं प्रकरण संपलं. आई अजून पुस्तकात आलेली नाही, पण वातावरणनिर्मिती जबरदस्त. चोवीसला घरी हेडमास्तर आणि शाळेतल्या मंडळींना जेवायला बोलावलंय. जाहीर वाचन करणार.

२४ ऑक्टोबर, दुपार
सकाळी स्मारकावर फुलं वाहिली. आजच्या तारखेला इथून एकही रॉकेट उडत नाही, सगळं गाव कसं दबून असतं. आईने दरवर्षीसारखा टेबलाच्या कोपऱ्यावर वोडकाचा भरलेला ग्लास ठेवलाय, वर काळ्या पावाचा तुकडा. गेलेल्यांचा वाटा. चांगली प्रथा आहे.
वाचनाची वेळही ठरवली. तिसरा ग्लास गेलेल्यांच्या नावाचा; तो सगळे उभं राहून, एकमेकांच्या ग्लासाला न लावता, मुकाट्याने पितात. इतकी शांतता मला वर्गात कधी मिळाली नाही. तेव्हाच सुरू करावं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
कार्यक्रमात किरकोळ बदल करावे लागले.
तिसऱ्या ग्लासाला सगळे उभे राहिले. हूं की चूं नाही. मी खणखणीत आवाजात नायट्रिक अॅसिडच्या प्रकरणाला हात घातला. हेडमास्तरांनी डोळे वटारले. विषयाचा दाब पडला असणार. तिसऱ्या पानावर घसा कोरडा पडला, म्हणून हाताला लागला तो ग्लास उचलून घटाघटा प्यायलो. वरचा पावही खाल्ला. ग्लास कुठला होता ते लोकांची तोंडं बघून कळलं.
लारिसाने कपाळावर हात मारून घेतला. आईने बोलावलेल्या बिबीगुलबाई ओरडल्या, "अहो मास्तर, मेलेल्याच्या तोंडचं काढून खाल्लंत!" आई ताटं उचलून स्वयंपाकघरात गेली. त्या दोघी तिच्या मागे गेल्या आणि दार लागलं. आत आईचा आवाज बराच वेळ येत होता. मला लक्ष द्यायला सवड नव्हती, पाहुण्यांना थांबवत होतो. थांबले नाहीत. उरलेलं वाचन मी एकट्याने पूर्ण केलं. शिस्त म्हणजे शिस्त.

२५ ऑक्टोबर
लारिसाचे डोळे सुजलेत. खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली: तो वायरमन होता. तळावर जाताना कॅन्टीनच्या खिडकीशी आला आणि माझं ताट झाकून ठेव म्हणाला. आईने रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी कोणी एक साहेब आला, ताटं आवरा आणि तोंडं बंद ठेवा म्हणाला. दोघांचं लग्न ठरलं होतं. त्याचं नाव मात्र लारिसा सांगेना. म्हणे, ते आम्हा तिघींतच राहणार.
आई लग्नाआधी कोणाची कोण होती, हे मला माहीतच नव्हतं. रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे गेलो. म्हणालो, आई, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. सांग.
"एकदाच सांगायचं होतं, वालेरा. सांगून झालं."
निदान नाव तरी सांग, म्हणालो. पुस्तक त्यालाच अर्पण करतो.
ती म्हणाली, "पन्नास वर्षं त्याच्या नावाने ग्लास भरत होते. काल तो तू प्यायलास. आता तुझंच नाव घाल."
अर्पणपत्रिकेचं पान अजून कोरं आहे.