परवान्याच्या अर्जातला प्रश्न

मामा, सून सासऱ्याला पत्र लिहिते असं आपल्याकडे कधी कुणी ऐकलं नाही, आणि तुम्ही असताना मी तुमच्यासाठी इतके कागद लिहिले, पण तुम्हाला म्हणून एक ओळही लिहिली नाही. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा नातू डोलवीला कारखान्यात कंत्राटावर लागला. आज तो कुठलासा अर्ज भरत बसला होता. एक प्रश्न न वाचताच त्यानं उत्तर लिहून टाकलं आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. त्याला काही समजलं नाही. मी मात्र चूल विझवून बाहेर येऊन बसले, ती अजून बसलेच आहे.

मी रोह्याहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. तुमचा मुलगा धाटावच्या कंपनीत, आज सकाळची शिफ्ट तर पुढच्या आठवड्यात रात्रीची. दिवसभर घरात तुम्ही आणि मी. पहिली दोन वर्षं तुम्ही माझ्याशी मोजकं बोललात. जेवायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसायचात, आमटी आवडली तर भात पुन्हा मागायचात, नाही आवडली तर ताक. एवढीच आपली भाषा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सांगितलंत, शेजारच्या घरी जायचं नाय, बोलायचं नाय. शेजारी तुमचे चुलतभाऊ. दोन घरांची भिंत एक, पण दारं दोन दिशांना. त्यांचा डावा हात कोपरात वाकलेला होता, सरळ होत नसे. जमिनीवरून काही जुनं भांडण असेल असं मी समजले आणि विचारलं नाही.

मग ओळीनं तीन वर्षं रानडुकरांनी भात लोळवलं आणि भातामागून पेरलेला वालही उकरला. डबे वाजवून झाले, बुजगावणी झाली. शेवटी तुमच्या कानावर आलं की रोह्याला एक निवृत्त गुरुजी आहेत, पूर्वीचे मोठे जमीनवाले, त्यांच्याकडे एकनळी बंदूक आहे आणि शेती सुटल्यामुळे ती विकून टाकायची आहे. आपण दोघं त्यांच्याकडे गेलो, कारण माझं माहेर तिथलं आणि मला गुरुजींची आळी ठाऊक. तुमच्या मुलाचं म्हणणं होतं की बंदूक आताच आणावी, कागद काय, होतील मागाहून. गुरुजींनी ते मोडूनच काढलं. आपला परवाना, ते छोटं पुस्तक, त्यांनी आपल्यासमोर उघडलं आणि समजावून सांगितलं. आधी शेतीच्या रक्षणासाठी म्हणून तुमचा अर्ज, सातबारा, तलाठ्याचा नुकसानीचा दाखला, मग पोलिसांची चौकशी, मग अलिबागहून परवाना. त्यानंतर गुरुजी बंदूक विकत असल्याचं सरकारात कळवणार, ठरलेली मुदत जाऊ देणार, आणि बंदुकीचा नंबर त्यांच्या पुस्तकातून कमी होऊन तुमच्या पुस्तकात चढेल तेव्हाच ती तुमच्या हातात येईल. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, असंच पायजे.

अर्ज मी भरला. दुपारची वेळ आहे, तुम्ही उंबऱ्यापाशी बसून पान जुळवताय, आणि मी पाटावर कागद ठेवून नाव, वय, गाव, क्षेत्र असं लिहीत चालले आहे. तुम्हाला वाचता यायचं, पण अक्षर लावून लावून, म्हणून लिहून झाल्यावर मी सगळा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात एक प्रश्न होता, अर्जदाराला आजवर कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे काय. तिथं मी तुम्हाला न विचारताच ‘नाही’ लिहिलं होतं. सासऱ्याला असलं विचारायचंच कसं, असं मला वाटलं होतं. मी वाचून पुढं गेले. तुम्ही हात वर केलात. पान तसंच खाली ठेवून अंगणात गेलात, बराच वेळ आला नाहीत. आलात तेव्हा उभ्यानंच म्हणालात, “तिथं व्हय लिव.”

आणि मग सांगितलंत, माझ्याकडे न बघता. तुमचं लग्नही झालं नव्हतं त्या वर्षी भात ऐन पोटरीत, कणसं धरायच्या बेतात असताना पाऊस गेला होता. चुलतभावानं बांध फोडून पाणी आपल्या खाचरात घेतलं. तुम्ही फावड्याचा दांडा घातलात. एकच घातला, पण कोपर गेलं. अलिबागच्या तुरुंगात चार महिने काढलेत. पुढं तुमच्या मुलाला सांगितलं गेलं की बाप लग्नाआधी काही दिवस मुंबईला कामाला होता, आणि तो तेच धरून मोठा झाला.

मी तुम्हाला समजवायला बघितलं. इतक्या जुन्या गोष्टीचा कागद आता कोण शोधणार, ‘होय’ लिहिलं तर परवाना मिळणार नाही, भात पुन्हा जाईल. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “माझं खोटं मी इतकी वर्षं सांभाळलं. ते तुझ्या अक्षरात नको गो.” लग्नानंतर तुम्ही मला रागावलात ते तेवढंच. तुमचा आवाजसुद्धा चढला नव्हता. मी दुसरा कोरा अर्ज आणला.

हवालदार चौकशीला आला तेव्हा मी अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होते. शेजाऱ्यांचा जबाब लागतो म्हणून तो सरळ पलीकडच्या दारात गेला. तुम्ही ओसरीच्या खांबाला टेकून उभे होतात, मला दिसत होतात. हवालदारानं काकांना, तुमच्या चुलतभावाला, विचारलं, यांनी तुम्हालाच मारलं होतं ना. काका म्हणाले, मारलं. आणि पुढं म्हणाले, “बांध मी फोडला होता. ते त्यात लिवलंय काय?” हवालदार म्हणाला, तसा रकाना नाही. “मग लिवा. आन त्याला बंदूक द्या. डुकरं माझं पण भात खातात.” हवालदारानं लिहिलं की नाही, मला माहीत नाही. काकांनी उजव्या हातानं सही केली, कागद वाऱ्यानं हलू नये म्हणून डावा वाकडा हात वर ठेवून.

तुम्ही आत आलात. चहा ठेव, तीन कप, एवढंच बोललात. मग स्वतः पलीकडच्या दाराशी गेलात, आणि काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, पण हवालदारामागून काका इकडे, आपल्या घरच्या ओसरीवर आले. कुणी जुनं काढलं नाही. यंदा वालाला कीड कमी आहे, यावरच चहा संपला. मी आत बशी धुवायच्या निमित्तानं तोंड धुतलं.

तुमच्या मुलाला त्याच संध्याकाळी गावातून कळलं. आपल्या बापाचं आपल्यालाच शेवटी कळावं, आणि बायकोला आधी, याचं त्याला फार लागलं. आठ दिवस तो तुमच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी शिफ्टला निघताना, चपला घालता घालता त्यानं विचारलं, अलिबागला जेवण कसं असायचं. तुम्ही म्हणालात, आमटीत मीठ नसायचं. तो खाली मान घालूनच हसला आणि गेला.

परवाना मिळेपर्यंत आणखी एक भात गेलं. अलिबागला साहेबांनी तुम्हाला समोर बोलावलं, मीही सोबत होते. त्यांनी विचारलं तेवढ्याची उत्तरं तुम्ही दिलीत, वर एक शब्द नाही. पुढं गुरुजींच्या पुस्तकातला नंबर कारकुनानं तुमच्या पुस्तकात उतरवला, तेव्हा गुरुजींनी बंदूक तुमच्या हाती दिली; तिच्यावर त्यांच्या बायकोनं शिवलेली खोळ होती, तीसुद्धा राहू द्या म्हणाले. तुम्ही त्या बंदुकीचे मोजून चार-पाच बार काढले असतील, तेही आभाळात. राखणीला मात्र तुम्ही आणि काका एकाच माचावर बसायला लागलात.

तुमच्यानंतर बंदूक पोलिसात जमा केली, आणि वारस म्हणून आमच्या सह्या होऊन ती रीतसर काकांच्या मुलाकडे गेली. त्याचाही अर्ज मीच भरला. एकेक प्रश्न त्याला मोठ्यानं विचारला, त्याचं उत्तर ऐकलं, मगच लिहिलं. त्याला कंटाळा आला, पण बसला बिचारा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी रोह्याला भाचीच्या बारशाला गेले होते. निरोप दुपारी आला. मी पोचले दिवस मावळताना, आणि तोवर सगळे माझ्यासाठी थांबले होते. एसटी चुकली, असं मी सगळ्यांना सांगितलं, तुमच्या मुलालाही, आणि त्यानं ते आजपर्यंत खरं मानलं आहे. आपल्या गावावरून जाणारी पेणची गाडी माझ्यासमोर उभी होती, मामा. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाई, येताय ना. मला त्या घरात तुमच्याशिवाय पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून मी बाकावर बसून राहिले आणि गाडी जाऊ दिली.