शोकप्रस्तावातली रिक्त जागा

४ जानेवारी
आमच्या प्रभातभ्रमण मंडळात पुनश्च घट. नोव्हेंबरात खैरनार, काल जोशी. पाच जणांच्या बाकड्यावर आता तिघे ऐसपैस बसतो. तो ऐसपैसपणा अंगावर येतो. शोकप्रस्ताव अर्थातच मी वाचला. संस्कृतप्रचुर मजकूर सदैव सिद्ध. केवळ नामस्थान रिक्त. वाघ सर (निवृत्त, विषय इंग्रजी) पुटपुटले, "ड्रॉपिंग लाइक फ्लाइज."

५ जानेवारी
सरांकडे त्या वाक्प्रचाराच्या उगमाची पृच्छा केली. "नक्की कोणालाच ठाऊक नाही हो. गारठा वाढला की माश्या पटापट गळतात, ते पाहून कोणीतरी म्हणालं असेल. अर्थ एवढाच, एकामागून एक, भराभर."
पारा उतरलेलाच आहे. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या म्हणे. द्राक्षांची केवढी ती चिंता!
गंगापूर रोडच्या किंचित चढावर डाव्या खांद्यात कळ. सौ.पुढे दोषारोप मिसळीवर.

८ जानेवारी
डॉक्टरांकडे गुप्तपणे. "काका, उद्याच या. ट्रेडमिलवर चालवून बघू." म्हटले, रोज फुकट चालतोच की. हसले नाहीत.
उद्या गैरसोयीचे. संक्रांतीनंतर पाहू.

१२ जानेवारी
आता गायधनीही. परवा बाकड्यावर तिळाच्या वड्या वाटत होते.
प्रस्ताव वाचताना 'अकल्पित'पाशी धाप लागली. खुर्चीचा आधार घेतला. सभेला तो गहिवर वाटला. दोघींनी डोळे टिपले. माझ्या वक्तृत्वाचे एवढे चीज पूर्वी कधी झाले नव्हते.
वाघ सरांनी मात्र डोळे टिपले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या कागदाची एक प्रत द्या."
"कशाला?"
"तुमच्या वेळी वाचायला. पण तो जोडाक्षरांचा डोंगर माझ्याच्यानं चढवणार नाही. तेव्हा उद्या निमूट तपासणीला चला."

१३ जानेवारी
सौ.ला सर्व निवेदन केले.
"कधीपासून दुखतंय?"
"खैरनारांपासून."
तिने स्वेटर पुढे केला.

रुग्णालयाच्या बाकड्यावर आम्ही तिघे, दाटीवाटीने. बरे वाटते. खिडकीच्या कडेला एक माशी उताणी. पाय हलताहेत. सरांनी पाहिली, मीही. भाषाविषयक चर्चा उभयतांनी टाळली.

शोकप्रस्ताव खिशात होता, सौ.ने विचारले, "हा कसला कागद?" सरांनी तो परस्पर काढून घेतला.

आत नाव पुकारले. माझेच. ही वही सौ.कडे देतो आहे. वाचू नको म्हणालो, म्हणजे ती नक्कीच