काळ्या मातीचा ढीग

मी यशोदा, कै. नारायण मास्तर करकंबकर यांची पत्नी, वय अठ्ठावन्न, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे स्वतःच्या हाताने व खुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे.

१. या दोन खोल्या माझ्या नव्हेत, घरमालक शिवलिंगप्पांच्या आहेत. मात्र वरचे मातीचे माळवद मालकाने राखायचे, असे भाडेचिठ्ठीत त्यांच्याच सहीने लिहिले आहे. ती चिठ्ठी देव्हाऱ्यामागे आहे. ती मुलगी मालती हिला द्यावी. मालतीने खोल्या सोडू नयेत. आम्ही कंटाळून जावे म्हणूनच स्वयंपाकघरावरचे माळवद उकलून तसेच टाकले आहे.

२. तीन वर्षांमागे, पाऊस तोंडावर असताना, मालकांनी दुरुस्तीला म्हणून माळवद उकलले, दारात मातीची गाडी रिकामी करवली आणि काम अर्धे टाकून गवंडी काढून नेला. मास्तर भिडस्त. “किती वेळा सांगायचं त्यांना?” म्हणत स्वतःच शिडी चढले आणि ती माती वर पसरली. माळवदाला पांढरी माती लागते. ही शेतातली काळी, पाणी पिऊन फुगणारी. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला हे कळू नये, आणि मलाही, याचा संताप अजून जात नाही. त्याच मोसमातल्या चौथ्या सरीला ते सगळे ओझे खाली आले. मास्तर ताटावर बसले होते. शिवलिंगप्पा मर्तिकाला आले आणि चारचौघांत म्हणाले, “मास्तरांनीच टाकली की माती. आमी काय करावं?”

३. तांब्याचा हंडा शेजारच्या गोजाबाईला. तीन पावसाळे मी तिच्या चुलीवर भाकरी केली, तिने कधी तोंड वाकडे केले नाही. दीर एकनाथ यांना काही नाही. “मालकाशी वाकडं नको” म्हणत ते घरी बसले, तसेच बसोत. शिडी जाळावी.

४. माझी तिरडी विसाव्याला शिवलिंगप्पांच्या दारातच टेकवावी. माळवद कधी पुरे करणार, हे त्यांनी लोकांसमक्ष मालतीला सांगावे, मगच उचलावी. आमच्या दारात उरलेल्या त्या काळ्या ढिगातली पाटीभर माती त्यांच्या उंबऱ्यावर ओतावी.

सोलापूर, १२ जून १९३४.
सही: यशोदा नारायण करकंबकर

साक्षीदार:
हिंदुराव, पोस्टातील कारकून, सही.
धुळाप्पा गवंडी, अंगठा. त्याने सांगितले तसे लिहून घेतले: “गाडी मीच रिकामी केली. तवाच बोललो व्हतो, मालक, ही काळी हाय, माळवदाला चालायची न्हाय. मालक म्हनले, टाक हितंच, मास्तरला काय कळतंय. मी टाकली. तीन वर्सं गप बसलो. आता कोर्टात बी हेच सांगंन.”